गोळी कोण निवडतो? वर्ध्याच्या शिवारातील रानडुक्कर, बंदूक आणि आवाज

१/
कार्तिकातील रात्र. वर्धा जिल्ह्यातील सेलू, आर्वी, कारंजा या तालुक्यांत जंगलाला लागून असलेल्या शिवारात माळ्यावर एक माणूस जागा असतो. खाली तूर फुलोऱ्यावर आलेली असते, पलीकडच्या तुकड्यात हरभरा नुकताच वर आलेला असतो. त्याच्या हाताशी बॅटरी, काठी, थोडे फटाके आणि बडवायला पत्र्याचा डबा असतो. विदर्भात या पहाऱ्याला जागल म्हणतात. ज्यांच्यासाठी ही जागल, ते प्राणी प्रामुख्याने दोन: रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय.

२/
याच रानडुकरासाठी फिनलंडमध्ये किंवा न्यूझीलंडमध्ये एखादा शिकारी रायफलीला सायलेन्सर लावतो आणि दुकानात उभा राहून विचार करतो की ध्वनीहून मंद जाणारे, म्हणजे सबसॉनिक काडतूस घ्यावे की नेहमीचे वेगवान. तिथे हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आणि शिकाऱ्याच्या सदसद्विवेकाचा आहे. वर्ध्याच्या शिवारात मात्र गोळी कोणती, हे गेली सुमारे दीडशे वर्षे शेतकऱ्याने किंवा शिकाऱ्याने क्वचितच ठरवले. ते कायद्याने ठरवले. त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा धागा. 🧵

३/
प्रथम आवाजाचे गणित. बंदूक झाडली की दोन वेगळे आवाज होतात. पहिला नळीच्या तोंडाशी: जळलेल्या दारूचा तप्त वायू एकदम बाहेर फुटतो, त्याचा धमाका. दुसरा गोळीचा स्वतःचा: ती ध्वनीहून वेगवान असेल तर हवेत धक्कालहर उठते आणि चाबूक कडाडल्यासारखा आवाज तिच्या संपूर्ण मार्गावर होत जातो. सायलेन्सर पहिला आवाज कमी करतो. दुसऱ्याशी त्याचा काही संबंध नसतो. तो कडाका टाळायचा असेल तर गोळीच मंद हवी. सबसॉनिक काडतुसाचा जन्म या गरजेतून झाला.

४/
मंद म्हणजे किती मंद? ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाबरोबर बदलतो. १० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, तर ४५ अंशांना सुमारे ३५८ मीटर असतो. वर्धा जिल्हा या दोन्ही टोकांना ओळखतो: पौषातील पहाट आणि वैशाखातील दुपार. सेकंदाला ३४५ मीटर वेगाची गोळी उन्हाळ्यात मुकाट जाईल आणि हिवाळ्यातील रात्री कडाडेल. म्हणूनच अशी काडतुसे बनवणारे सेकंदाला ३०० ते ३२० मीटरच्या आसपास थांबतात. पिकावर जनावर येण्याचा मोठा काळ थंडीतलाच असल्याने ही सावधगिरी किरकोळ नाही.

५/
या मंदपणाची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि त्याच प्रमाणात घटते. ९.७ ग्रॅमची रायफलीची गोळी सेकंदाला ८५० मीटरने निघाली तर तिच्यात सुमारे ३५०० ज्यूल ऊर्जा असते. वजन वाढवून १३ ग्रॅमची गोळी घेतली, पण वेग ३२० मीटर ठेवला, तर हाती उरतात सुमारे ६६५ ज्यूल. म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. वजन वाढवून ही तूट भरून निघत नाही. पूर्ण वाढलेले रानडुक्कर शंभर किलोच्या आसपास भरू शकते आणि रोहीचा नर त्याच्या दुपटीच्या पुढे जातो.

६/
दुसरी अडचण गोळीच्या उमलण्याची. शिकारीच्या गोळीचे टोक मऊ ठेवलेले असते. ती शरीरात शिरताच फुलावी, जखम रुंद व्हावी आणि जनावर लवकर मरावे, हा हेतू. पण नेहमीची गोळी वेगवान आघातासाठी घडवलेली असते. तीच मंद वेगाने मारली तर ती उमलत नाही. पेन्सिलीएवढे भोक पाडून आरपार जाते. जनावर पळते आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास तडफडते. म्हणून मध्यम आकाराच्या जनावरासाठी सबसॉनिक निवडणारा जाणता शिकारी मंद वेगालाही उमलेल अशीच गोळी घेतो, आणि आपल्या नळीचा आटा त्या लांब, जड गोळीला स्थिर ठेवतो की नाही हेही पाहतो. अस्थिर गोळी सायलेन्सरच्या आतील पडद्यांनाच धडकू शकते.

७/
तिसरी अडचण अंतराची. सेकंदाला ३२० मीटर वेगाच्या गोळीला शंभर मीटर जायला जवळपास एक तृतीयांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ती सुमारे अर्धा मीटर खाली येते. बंदूक ७५ मीटरला नेम धरून बसवली आणि जनावर प्रत्यक्षात १०० मीटरवर असले, तर मंद गोळी नेमापेक्षा बारा-तेरा सेंटीमीटर खाली लागते. वेगवान गोळीत हीच चूक दोनेक सेंटीमीटरची. रात्री, तुरीच्या ओळींतून, बॅटरीच्या उजेडात २५ मीटरची चूक कोणाचीही होते. हृदय-फुप्फुसाच्या जागी नेम धरलेली गोळी मग पायाला किंवा पोटाला लागते.

८/
या तिन्ही अडचणींचा निष्कर्ष एकच: सबसॉनिक गोळी वापरायची तर फार जवळून, अंतर मोजून, जनावर स्थिर उभे असताना, आणि तरीही मनाची तयारी गोळी न झाडण्याची ठेवून. काही देशांनी हा निर्णय शिकाऱ्यावर सोडलेला नाही. जर्मनीच्या शिकार कायद्यानुसार रानडुकरासाठी गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर ऊर्जा किमान २००० ज्यूल लागते. लहानखुऱ्या रो हरणासाठी १००० ज्यूल. सबसॉनिक गोळी यांतील ऊर्जेची एकही अट पुरी करत नाही, कारण ६६५ ज्यूल नळीच्या तोंडाशीच संपतात. तो कायदा जनावराच्या मरणाची प्रत पाहून लिहिलेला आहे. आपल्याकडचा कशाकडे पाहून लिहिला गेला, ते आता पाहू.

९/
मंद जड गोळी की वेगवान हलकी, हा वाद मध्य प्रांताला नवा नव्हता. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, जेम्स फोर्सिथ या लष्करी अधिकाऱ्याचे ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हे पुस्तक लंडनला छापले गेले. हाच फोर्सिथ पुढे मध्य प्रांतात निमाडचा जमाबंदी अधिकारी झाला. सातपुड्याच्या रानांवरचे त्याचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ मध्ये आले आणि त्याच वर्षी तो वारला. वर्ध्याच्या उत्तरेकडील आर्वी-कारंजाचे डोंगर त्याच सातपुड्याचे फाटे आहेत.

१०/
फोर्सिथच्या काळात लांबट, जड, त्या मानाने मंद गोळीचा बोलबाला होता, कारण लष्कराला ती दूरवर अचूक वाटे. फोर्सिथने शिकारीसाठी उलट बाजू घेतली. हिंदुस्थानातील रानात जनावर बहुधा शे-दीडशे यार्डांच्या आत दिसते आणि अंतर अचूक ओळखायला सवड नसते; म्हणून गोल गोळी, भरपूर दारू, कमी पिळाचा आटा आणि जवळजवळ सरळ रेषेत जाणारा मारा त्याने पसंत केला. सातव्या पोस्टमधील बारा सेंटीमीटरची चूक तो दीडशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत सांगत होता. गोळीची निवड ही अंतर ओळखण्यातील माणसाच्या मर्यादेची कबुली असते, हे त्याच्या युक्तिवादाचे सार.

११/
पण फोर्सिथला निवड करता येत होती, कारण तो साहेब होता. १८७८ च्या हिंदुस्थानी शस्त्र कायद्याने सर्वसामान्य हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला. युरोपियनांना त्यातून सूट होती. त्याच वर्षीच्या वन कायद्याने राखीव जंगलांभोवतीची रेषा पक्की झाली. मध्य प्रांतातील रानांचे शूटिंग ब्लॉक पडले, परवाने निघाले. साहेबाच्या शिकारीत हाक्याला उभा राहणारा, ढोल-डबे वाजवत जनावर मचाणाकडे हाकणारा गोंड वा कोलाम माणूस त्याच रानात स्वतःसाठी तीर सोडू लागला की गुन्हेगार ठरू लागला. तीर हे या भूमीवरचे सर्वांत जुने सबसॉनिक अस्त्र. त्याचा आवाज होत नाही, हीच पुढे त्याच्याविषयीची तक्रार झाली.

१२/
साहेबांच्या बंदुकाही कायद्याच्या तडाख्यातून सुटल्या नाहीत. १९०७ मध्ये सरकारने .४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसे हिंदुस्थानात आणण्यावर बंदी घातली. कारण शिकारीचे नव्हते. वायव्य सरहद्दीवर मार्टिनी-हेन्री रायफली बाळगणाऱ्या टोळ्यांच्या हाती तीच काडतुसे पडतील ही भीती होती. परिणाम असा की इंग्लंडमधील बंदूककारांनी .४७०, .४६५ असे नवे बोअर काढले. मोठ्या जनावरासाठी आज जगभर नावाजलेल्या काही काडतुसांचा जन्म वाघ-गव्याच्या अभ्यासातून झाला नाही. तो खैबरच्या भीतीतून झाला.

१३/
लष्करी .३०३ बद्दल हाच न्याय. ती खाजगी माणसाला सहजासहजी मिळू नये म्हणून शिकाऱ्याच्या हाती आली .३१५ ही रायफल, मूळच्या ऑस्ट्रियन मानलिखर काडतुसाचा हिंदुस्थानी अवतार. स्वातंत्र्यानंतर ती बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनत राहिली, आणि तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यात. पावणेसोळा ग्रॅमची, मऊ टोकाची, ध्वनीच्या जवळपास दुप्पट वेगाने जाणारी ही गोळी रानडुकराला पुरून उरते. तीन पिढ्यांच्या परवानाधारकांनी ती वापरली. निवडली मात्र कोणी नाही. दुकानात दुसरे फारसे नव्हतेच.

१४/
याच सुमारास आवाज दाबण्याचे यंत्र जगात आले. स्वयंचलित मॅक्झिम तोफेचा जनक हायरम मॅक्झिम याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम याला १९०९ मध्ये अमेरिकेत सायलेन्सरचे पेटंट मिळाले. मोटारीच्या धुराड्याचा आवाज कमी करणारे मफलर आणि बंदुकीचा सायलेन्सर यांचे तत्त्व एकच: वायूला थोपवून, फिरवून, थंड करून बाहेर सोडणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी डी लाइल कार्बाइन बनवली. तिचे शरीर ली-एनफिल्डचे, म्हणजे हिंदी शिपायाच्या रायफलीचे, आणि काडतूस .४५ पिस्तुलाचे, जे मुळातच ध्वनीहून मंद. सायलेन्सर आणि सबसॉनिक यांचे लग्न युद्धाने लावले. ते शिकारीच्या घरी पुढच्या पिढ्यांत आले.

१५/
भारतात ते आले नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील १९६२ च्या नियमांत बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी साधने पहिल्याच प्रवर्गात, प्रतिबंधित शस्त्रांच्या पंक्तीला बसवली होती. २०१६ च्या नव्या नियमांनीही ती शिकाऱ्याच्या वा शेतकऱ्याच्या हाती दिली नाहीत. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. बंदुकीचा बार हा साक्षीदार असतो. तो गावाला ऐकू जातो, वनरक्षकाला दिशा सांगतो, दुसऱ्या दिवशी पोलीसपाटलाला प्रश्न विचारायला लावतो. मूक बंदूक म्हणजे साक्षीदार नसलेला गुन्हा, अशी राज्यसंस्थेची धारणा.

१६/
पण त्याच १९५९ च्या कायद्यात शेतकऱ्यासाठी एक खास दार आहे. कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी परवान्याची तरतूद आहे, आणि त्या हेतूसाठी कायद्याने नाव घेतलेले शस्त्र आहे ठासणीची बंदूक. विदर्भात तिला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी वा छर्रे, गजाने ठासायचे, मग बार. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. चंद्रावर माणूस जाण्यास दहा वर्षे उरली असताना वर्ध्याच्या शेतकऱ्याला कायद्याने दिलेले शस्त्र तत्त्वतः अठराव्या शतकातले होते.

१७/
इथे एक विलक्षण विसंगती दिसते. भरमारीची गोल गोळी किंवा बारा बोअरचे मोठे छर्रे नळीतून ध्वनीच्या थोड्याच वर निघतात, आणि गोल आकारामुळे हवेचा रोध इतका होतो की काही दशक मीटरांतच ध्वनीच्या वेगाखाली येतात. म्हणजे जनावराला भिडताना ती सबसॉनिकच असतात. मंद गोळीचे सारे तोटे, कमी ऊर्जा, वाकडा मार्ग, कमी पल्ला, हे शेतकऱ्याच्या वाट्याला आले. मंद गोळीचा एकमेव फायदा, शांतता, तेवढा आला नाही. शिवाय नळीला आटा नसल्याने नेमही बेभरवशाचा. जखमी होऊन रानात शिरलेल्या डुकरांची गणती कोणत्याही दप्तरात नाही.

१८/
शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याला शांतता नकोच होती, हेही खरे. त्याला डुक्कर मारण्यापेक्षा कळप परतवायचा होता. भरमारीचा बार हा त्याच्या डब्याचाच मोठा भाऊ. जागल करणारा माणूस आवाजाने शेत राखतो, शिकारी शांततेने जनावर मिळवतो. या दोन गरजा मुळातच वेगळ्या आहेत. सायलेन्सर लावलेल्या रायफलीने एक डुक्कर पडेल, उरलेला कळप कदाचित गोंधळून तिथेच राहील, आणि नेमबाजाला दुसरी संधी मिळेल. परदेशांत कळप कमी करण्यासाठी सायलेन्सर वापरण्याचे एक कारण हेच. बाराने एकही पडणार नाही, पण त्या रात्रीपुरता हरभरा वाचेल. उद्या काय, याला दोन्हींकडे पुरे उत्तर नाही.

१९/
वर्धा जिल्ह्याला दारूगोळा अपरिचित नाही. देवळी तालुक्यात पुलगावला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेले केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातील सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. ३१ मे २०१६ च्या पहाटेपूर्वी तिथे आग लागून स्फोट झाले, तेव्हा आजूबाजूची गावे अंधारात घर सोडून निघाली; जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. ज्या जिल्ह्यात सैन्याचा एवढा दारूगोळा साठवला जातो, तिथल्या शेतकऱ्याच्या परवान्यावर मात्र ठासणीची बंदूक. राज्यसंस्था दारूगोळ्याकडे नेहमी सुरक्षेच्या चष्म्यातून पाहत आली. पिकाकडे आणि जनावराकडे पाहण्याचा चष्मा तिने फार उशिरा घातला.

२०/
याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले; पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. पीक खाणाऱ्या वानरांचे काय करावे, हा प्रश्न त्यांना वारंवार विचारला जाई. १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहिले, त्याचा आशय असा की माणसाला खाणाऱ्या वा इजा करणाऱ्या प्राण्यांना वाचवण्याची भावना त्यांच्यात नाही आणि त्यांची संख्या वाढवायला हातभार लावणे त्यांना चूक वाटते. अहिंसेच्या राजधानीतून आलेले हे मत अनेकांना आजही धक्का देते. शेती करणाऱ्याची हिंसा टाळता येत नसेल तर ती डोळे उघडे ठेवून करावी, असा त्याचा एक अर्थ निघतो. कशी करावी, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

२१/
१९७० मध्ये बोर अभयारण्य झाले, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेची शिकार संपली. २०१४ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प झाला, देशातील सर्वांत लहान प्रकल्पांपैकी एक. १९७२ च्या कायद्यातही कलम ११ चे दार आहे: रानडुक्कर, रोही यांसारखा प्राणी माणसाला किंवा उभ्या पिकाला धोका ठरला, तर अधिकृत वनाधिकारी मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने शेतपिकांचे नुकसान करणाऱ्या या दोन प्राण्यांसाठी त्याची कार्यपद्धती ठरवून दिली. कागदावर वाट मोकळी झाली.

२२/
मग बंदुका का वाजल्या नाहीत? कलम ३९ पाहावे. अशा परवानगीने मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता होतो. मांस घरी नेता येत नाही. म्हणजे परवानाधारकाने स्वतःचे महागडे काडतूस जाळायचे, रात्र जागवायची, कागद भरायचे, आणि चूक झाली तर खटला अंगावर घ्यायचा. एवढे करून नेमबाजाच्या हाती काय? बिहारमध्ये २०१६ साली रोही मारण्यासाठी बाहेरून नेमबाज आणले गेले, मोकामा परिसरात दोनशेहून अधिक जनावरे मारली गेली आणि केंद्रातल्याच दोन मंत्र्यांत जाहीर वाद पेटला. त्या गदारोळात कोणत्या गोळीने, किती अंतरावरून आणि किती जनावरे जखमी होऊन निसटली, हे जवळजवळ कोणी विचारले नाही.

२३/
कायदेशीर बंदूक इतकी अवघड झाली की बेकायदा शांतता सोपी झाली. रानात ती तीन रूपांनी येते. फासे, ज्यांत अडकलेले जनावर सकाळपर्यंत ओढत राहते. डुकरासाठी पिठात वा चरबीत गुंडाळलेला गावठी बॉम्ब, जो जबडा फाडतो पण लगेच मारत नाही. आणि तिसरी, सर्वांत शांत: कुंपणाची तार. झटका मशीनची तार वेगळी. ती क्षणभराचा धक्का देऊन जनावर परतवते. पण विजेच्या खांबावर आकडा टाकून थेट प्रवाह सोडलेली तार मारते. तिला बार नाही, धूर नाही, परवाना नाही.

२४/
ऑक्टोबर २०१७ मध्ये अशाच तारेने वर्धा जिल्ह्यात एक वाघीण गेली. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी भागात माणसांवरील हल्ल्यांनंतर तिला पकडून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून त्या वर्षीच्या जुलैत बोरच्या जंगलात सोडले होते. ती शेकडो किलोमीटर फिरली. पुन्हा माणसांवर हल्ले झाले. तिला गोळी घालण्याच्या आदेशाविरुद्ध प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले, आणि न्यायालयाने आदेश कायम ठेवला. नेमबाज तिच्या मागावर असतानाच ती शेतातील विद्युतप्रवाहाच्या तारेला लागून मेली.

२५/
एका वाघिणीला कोणी, कधी आणि कोणत्या परिस्थितीत गोळी घालावी, यावर वकिलांनी युक्तिवाद केले, न्यायमूर्तींनी विचार केला. तो सगळा विचार एका तारेने निरर्थक केला, जी बहुधा डुकरासाठी लावली होती. सायलेन्सरची भीती ही मुळात साक्षीदार नसलेल्या मरणाची भीती होती. तार तेच मरण देते, आणि शिवाय ती जनावर पाहत नाही, अंतर मोजत नाही, न झाडण्याचा निर्णय घेऊ शकत नाही. विदर्भात अशा तारांनी बिबटे गेले, बैल गेले, पहाटे शेतात पाणी द्यायला आलेली माणसेही गेली.

२६/
म्हणून सायलेन्सर खुले करावेत, असा याचा सरळ निष्कर्ष नाही. बोरसारख्या लहान, गावांनी वेढलेल्या जंगलाशेजारी मूक रायफल चोरट्या शिकाऱ्याच्याच आधी हाती पडेल, ही भीती खोटी नाही. शिवाय मध्यम आकाराच्या जनावरासाठी सबसॉनिक गोळी ही अत्यंत निष्णात हाताचीच गोष्ट आहे, हे पाचव्या ते आठव्या पोस्टमधील आकडे सांगतात. पण गोळी, बोअर, आवाज यांविषयीचे आपले जवळपास प्रत्येक बंधन बंड, टोळी, चोरी यांच्या भीतीतून आले. जनावर लवकर मरावे आणि शेतकऱ्याचे पीक वाचावे, या दोन हेतूंनी लिहिलेला ऊर्जेचा, अंतराचा, गोळीच्या प्रकाराचा नियम आपल्या पुस्तकात शोधावा लागतो.

२७/
माळ्यावरचा माणूस मात्र यातले काही वाचत बसलेला नाही. त्याच्यासमोर आज तीन पर्याय आहेत: आजोबांची भरमार, जिचा परवाना नूतनीकरणाला तालुक्याच्या खेपा घालायला लावतो, वनखात्याकडचा अर्ज, ज्याचे उत्तर येईपर्यंत हरभऱ्याला घाटे धरतात, आणि शेजारच्या खांबावरून सहज ओढता येणारी तार. तिसरा पर्याय सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत शांतही. तो अजून डबा वाजवतो आहे, याचे श्रेय कोणत्याही कायद्याला देता येत नाही.

(धागा समाप्त)
#इतिहास #विदर्भ #वर्धा #शेती #वन्यजीव